कुजण्यासाठी बांधलेली भिंत

'कच्चे' आणि 'पक्के' या दोन शब्दांचा जितका वापर सरकारी कचेरीत होतो तितका तो स्वयंपाकघरातही होत नसेल. कच्चे टिपण, पक्का मसुदा, कच्ची नोकरी, पक्की नोकरी. आणि या सर्वांवर कडी म्हणजे कच्चे बांधकाम आणि पक्के बांधकाम. आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत, देहरादून मुक्कामी, लेखनिकाचे काम करतो. गेली बारा वर्षे हे दोन शब्द आमच्या बोटांखालून जात आहेत. परंतु त्यांचा अर्थ काय, असा प्रश्न आम्हास कधी पडला नव्हता. तो पडला एका भिंतीमुळे. त्या भिंतीची हकीकत सांगता सांगता आम्ही दोन हजार वर्षे मागे आणि आल्प्स पर्वतापर्यंत जाऊन येणार आहोत. बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना लांबच्या प्रवासाची सवय असते, तेव्हा ते कंटाळणार नाहीत अशी आशा आहे.

पहाडातील एका गावी सरकारी नोकरांची वसाहत आहे. तिच्या पाठीमागचा उतार पावसाळ्यात थोडा थोडा खाली येऊ लागला. गटारे मातीने भरत, एखादे झाड तिरपे होई, परसातील भाजीचे वाफे दरवर्षी वीतभर पुढे सरकत. उपाय योजण्यासाठी प्रस्ताव मागवले गेले. एका तरुण अभियंत्याने दोन प्रस्ताव पाठवले. पहिला नेहमीचा, सिमेंट काँक्रीटच्या संरक्षक भिंतीचा. पहाडात तिला पुश्ता म्हणतात. दुसरा प्रस्ताव लाकडी ओंडक्यांच्या जाळीदार भिंतीचा होता. त्या जाळीत माती भरावी आणि थराथरांतून जिवंत फांद्या रोवाव्यात, असे त्याने लिहिले होते. खर्च पहिल्यापेक्षा कमी. परंतु खाली त्याने प्रामाणिकपणे एक वाक्य घातले होते, की लाकूड काही वर्षांनी कुजेल आणि ते कुजावे हीच अपेक्षा आहे. या एका वाक्याने त्याचा घात केला. सरकारी पैशाने जी वस्तू बांधायची ती कुजावी अशी अपेक्षा ठेवणारा मनुष्य आमच्या वरिष्ठांनी यापूर्वी पाहिला नव्हता. 'लाकूड नाशवंत असल्याने दुसरा प्रस्ताव कच्च्या कामाच्या सदरात मोडतो, सबब विचारार्ह नाही,' असे टिपण झाले. ते टंकलिखित आम्हीच केले. त्यातील 'सबब' हा शब्दही आम्हीच सुचवला होता, आणि त्या दिवशी आम्हास त्याचा थोडा अभिमानही वाटला होता.

आधी ही भिंत असते कशी ते सांगितले पाहिजे. उताराच्या पायथ्याशी फूट-दोन फूट खोल चर खणतात. चराचा तळ सपाट न ठेवता डोंगराच्या बाजूस उतरता ठेवतात, म्हणजे सारी भिंत डोंगराला पाठ टेकून बसल्यासारखी उभी राहते. त्यात ओंडक्यांची पहिली ओळ उतारास समांतर आडवी घालायची. तिच्यावर दुसरी ओळ काटकोनात, म्हणजे ओंडक्यांची एक टोके बाहेर आणि दुसरी टोके डोंगराच्या पोटात. पुन्हा वर समांतर ओळ, पुन्हा आडवी. जिथे जिथे लाकूड लाकडावर येते तिथे लांब खिळा ठोकायचा. लहानपणी काड्यापेटीच्या काड्या एकीवर एक रचून आपण जी विहीर करीत असू, तीच ही रचना. पोकळीत दगडमाती दाबून भरतात, आणि प्रत्येक थर भरताना त्यावर जिवंत फांद्या आडव्या निजवतात. फांदीचा बुंधा भिंतीमागच्या मूळ मातीत पोचला पाहिजे, आणि शेंडा थोडासाच बाहेर डोकावला पाहिजे. यासाठी फांदी अशा झाडाची हवी की जी नुसती खोचली तरी मूळ धरते. युरोपात यासाठी विलोच्या जाती वापरतात. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असतो तो याच कुळातला. इकडे त्याच्या भावंडांना बैंस म्हणतात.

काँक्रीटची भिंत मातीला अडवते, पण त्याबरोबर पाण्यालाही अडवते. पाणी जावे म्हणून तिला भोके ठेवलेली असतात हे खरे. परंतु भिंतीमागे खडीचा थर नीट घातला नाही, तर ती भोके दोन पावसाळ्यांत बुजतात आणि साचलेले पाणी मातीपेक्षाही मोठ्या बळाने भिंतीला ढकलू लागते. लाकडी जाळीला भोके ठेवावी लागत नाहीत. ती सर्वांगाने सच्छिद्र असते. पहिल्या दिवशी सारा भार लाकूड पेलते. वर्षा-दोन वर्षांत फांद्यांना मुळे फुटतात, ती मातीत शिरतात, मातीचे कण बांधून ठेवतात. पाने पाणी शोषून हवेत सोडतात. लाकूड जसजसे दुबळे होते तसतशी मुळे बळकट होतात. एक दिवस असा येतो की भिंत नाहीशी झालेली असते आणि उतार मात्र जागेवर असतो.

ही कल्पना कोणाची? आमच्या मित्रमंडळींत असा प्रश्न निघाला की कोणीतरी तत्परतेने 'आपल्या पूर्वजांची' असे उत्तर देतो. आम्ही त्याचा शोध घेण्याचा यथाशक्ति प्रयत्न केला. पूर्वजांचा वाटा निघाला, पण तो जिथे वाटला होता तिथे नव्हे.

लाकूड आणि दगडमाती यांचे थर एकात एक गुंतवून भिंत उभारण्याची विद्या फार जुनी आहे. इ. स. पूर्व ५२ मध्ये ज्यूलियस सीझरने गॉल लोकांच्या अव्हारिकम् या नगराला वेढा घातला. आज त्या ठिकाणी फ्रान्समधील बूर्झ शहर आहे. तेथील तटाचे त्याने आपल्या युद्धवृत्तांतात जे वर्णन केले आहे ते वाचताना एखाद्या अभियंत्याचे टिपण वाचीत आहोत असा भास होतो. तुळया तटाच्या रेषेशी काटकोनात, दोन दोन फुटांच्या अंतराने. आतल्या बाजूने एकमेकींस जखडलेल्या. मधल्या पोकळीत माती आणि दर्शनी बाजूस मोठे दगड. वर दुसरा थर तसाच, परंतु लाकडाला लाकूड न टेकेल असा. सीझरचा अभिप्राय असा, की दगडामुळे तटाला आग लागत नाही आणि चाळीस फूट लांबीच्या लाकडामुळे धडक देणाऱ्या यंत्राने तो फुटत नाही. शत्रूच्या भिंतीची इतकी मोकळी प्रशंसा करणारा सेनापती विरळा. अशा तटांचे अवशेष पुढे उत्खननांत मिळाले, आणि तुळया जिथे एकमेकींना छेदतात तिथे लांब लोखंडी खिळे सापडले. दोन हजार वर्षांनी खिळा त्याच जागी ठोकला जातो, ही गोष्ट आम्हास मोठी गंमतीची वाटते.

आपल्याकडे पाहायचे तर पाटलिपुत्राकडे पाहावे लागेल. मेगॅस्थिनीसने या नगराच्या लाकडी तटाचे वर्णन केले होते. मूळ ग्रंथ नष्ट झाला, पण त्यातील मजकूर एरियनसारख्या नंतरच्या ग्रीक लेखकांनी उतरून ठेवला. तटाला ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे होते, हे आकडे आपण शाळेत पाठ केले. एरियनने दिलेली दुसरी माहिती मात्र शाळेत कोणी सांगितली नाही. नदीकाठची आणि समुद्रकाठची नगरे भारतीय लोक लाकडाची बांधतात, कारण पावसाने आणि पुराने तिथे विटा टिकत नाहीत; उंचावरची नगरे मात्र विटामातीची बांधतात, असे तो म्हणतो. म्हणजे पाण्याशी जिथे गाठ आहे तिथे लाकूड हेच 'पक्के', असा त्या काळचा हिशेब होता! विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाटण्याजवळ बुलंदीबाग येथे उत्खनन झाले तेव्हा लाकडी खांबांच्या दोन समांतर रांगा जमिनीखाली उभ्या सापडल्या. ओल्या चिखलात, हवा न लागता, ते लाकूड दोन हजारांहून अधिक वर्षे राहिले होते. लाकूड नाशवंत हे खरे, पण कोठे आणि किती, हे टिपण लिहिणाऱ्याने विचारायला हवे होते. आम्हीही ते विचारले नाही.

हिमाचल प्रदेशातील काठकुणी घरे तर आजही उभी आहेत. काठ म्हणजे लाकूड, कुणी म्हणजे कोपरा. देवदाराच्या जोडतुळया आणि सुके दगड यांचे एकाआड एक थर, चुना नाही की सिमेंट नाही. कोपऱ्यात तुळया एकमेकींवर चढवून गुंतवलेल्या. सराहनचे भीमाकाली मंदिर या पद्धतीचे आहे, आणि कुलू खोऱ्यातील नग्गरचा वाडाही. ४ एप्रिल १९०५ रोजी कांगड्याचा जो भूकंप झाला त्यात सुमारे २०,००० माणसे दगावली, पक्की म्हणवणारी बांधकामे पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली. नग्गरचा वाडा मात्र राहिला. जमीन हलली की काठकुणी भिंत थोडी हलते, करकरते आणि पुन्हा बसते. ताठ राहण्याचा हट्ट नसणे हेच तिचे बळ.

परंतु येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गॉल लोकांच्या तटात, पाटलिपुत्राच्या कोटात आणि काठकुणी घरात लाकडाची गुंफण आहे. रोप कोठेही नाही. ती लाकडे टिकावीत म्हणूनच घातली होती. कुजल्यावर आपले काम दुसऱ्याच्या हाती सोपवून जाणारे लाकूड ही कल्पना त्यांत नाही. ती शोधायची तर किल्ले सोडून कुंपणाकडे वळले पाहिजे. आमचे बालपण रत्नागिरीकडे गेले. आमची आजी पावसाच्या तोंडाशी पांगाऱ्याचे दांडके तोडून वईला ठोकून घेई. गड्याला ती म्हणे, "सरळच ठोक रे, उलटा नको ठोकूस, बुंधा खाली." पहिल्या वर्षी ते नुसते खुंट असत. दुसऱ्या वर्षी त्यांना पाने येत. आठ-दहा वर्षांनी ती पांगाऱ्याची ओळ परसाच्या कडेची माती अशी धरून बसे की शेजारच्यांचा गडगा दर पावसाळ्यात ढासळला तरी आमची वई ढासळत नसे. आजीला ही काही विद्या आहे असे वाटत नव्हते. असल्या विद्येचा इतिहास लिहिला जात नाही, कारण ती येणाऱ्यांना लिहिता येत नसते आणि लिहिता येणाऱ्यांना ती येत नसते.

या दोन गोष्टी, गुंफलेले लाकूड आणि रुजणारी फांदी, एकत्र कशा आल्या हे पाहण्यापूर्वी नैनितालला थांबावे लागते. कारण हिंदुस्थानात उतारांचा प्रश्न सरकारच्या डोक्यात शिरला तो तेथे. १८ सप्टेंबर १८८० हा शनिवार होता. त्यापूर्वीच्या चाळीस तासांत निरनिराळ्या ठिकाणी २० ते ३५ इंच पाऊस पडला होता. सकाळी शेर-का-डांडा या डोंगराची एक लहान दरड व्हिक्टोरिया हॉटेलच्या मागे कोसळली. अडकलेल्यांना काढण्यासाठी सैनिक, अधिकारी आणि मजूर तेथे जमले. दुपारी दीडच्या सुमारास साऱ्या उतारानेच जागा सोडली, आणि काही क्षणांत हॉटेल, दुकान, सभागृह आणि नैनादेवीचे देऊळ गाडले गेले. १५१ माणसे मेली. त्यांत १०८ हिंदी आणि ४३ युरोपियन होते. मेलेल्यांतील कित्येक जण दुसऱ्यांना वाचवण्यासाठी आलेले होते. खाली आलेल्या मातीने तलावाच्या टोकाशी मोठे मैदान तयार झाले, आणि काही वर्षांनी त्यावर खेळ सुरू झाले. आजचे प्रवासी तेथे छायाचित्रे काढतात.

या घटनेनंतर ब्रिटिश सरकारने जे केले ते, न्यायाने बोलायचे तर, बरेच केले. डोंगरावर दगडी नाल्यांचे जाळे बांधून पाणी उतारात मुरण्यापूर्वी तलावाकडे नेले, बांधकामावर निर्बंध घातले, भूगर्भशास्त्रज्ञांकडून तपासणी करवली. टॉमस हॉलंड यांचा नैनितालच्या उतारांवरील अहवाल १८९७ चा आहे. तरीही पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८९८ मध्ये, कैलाखान येथे दरड कोसळून २८ जण दगावले. पाणी हाच खरा शत्रू हे त्यांनी ओळखले होते. त्यांचे उत्तर मात्र मुख्यतः गवंड्याचे होते, माळ्याचे नव्हते.

माळ्याचे उत्तर आल्प्समध्ये तयार होत होते. १८४१ साली अलेक्झांडर सुरेल या फ्रेंच अभियंत्याने वरच्या आल्प्समधील डोंगरी ओढ्यांवर ग्रंथ लिहिला. तो पुलारस्त्यांच्या खात्यातला मनुष्य. पूल वाहून जाणे आणि रस्ते गाडले जाणे हे त्याचे रोजचे दुखणे. त्याने सांगितले की जंगल गेले की ओढे माजतात आणि जंगल आले की ते निवतात. १८६० मध्ये फ्रान्सने डोंगरांवर पुन्हा झाडे लावण्याचा कायदा केला. त्यावर धनगर खवळले, कारण त्यांची कुरणे जाणार होती. तेव्हा १८६४ मध्ये झाडांऐवजी गवत लावण्याचीही सोय करावी लागली, आणि १८८२ मध्ये सारा कायदाच नव्याने लिहावा लागला. झाडे लावण्याच्या प्रत्येक थोर योजनेत कोणाची तरी बकरी उपाशी राहते, हे आमच्या वाचनात वारंवार आले, आणि योजना आखणाऱ्यांना ते दर वेळी नव्याने कळते. या कामात प्रोस्पेर देमाँझे या वनाधिकाऱ्याने ओढ्यांत दगडी बांधांबरोबर फांद्यांची विणलेली कुंपणे आणि विलोच्या काड्यांच्या मोळ्या वापरल्या. त्या रुजत आणि बांध हिरवे होत.

ऑस्ट्रियात १८८२ च्या शरद ऋतूत टिरोल आणि कॅरिन्थिया या प्रांतांत भयंकर पूर आले, आणि १८८४ मध्ये तेथे डोंगरी ओढे आवरण्याचा कायदा होऊन त्यासाठी स्वतंत्र सरकारी खाते उघडले. ओंडक्यांच्या जाळीदार भिंतीला जर्मन भाषेत जे नाव आहे ते याच साम्राज्यातील क्राइन प्रांतावरून पडलेले: क्राइनर भिंत. क्राइन आज स्लोव्हेनिया देशात आहे. साम्राज्य बुडाले, प्रांताचे नाव नकाशावरून पुसट झाले, पण तेथील लाकूडतोड्यांची भिंत त्यांचे नाव घेऊन उभी आहे. या भिंतीत जिवंत फांद्या निजवल्या म्हणजे आमच्या अभियंत्याच्या प्रस्तावातली भिंत झाली.

येथे आमच्या देहरादूनचा संबंध येतो. हिंदुस्थानच्या वनखात्यात नेमले जाणारे कितीतरी ब्रिटिश उमेदवार १८६७ पासून सुमारे वीस वर्षे फ्रान्समधील नान्सी येथील वनविद्यालयात शिकून येत. म्हणजे जेथे हा डोंगरसुधारणेचा वाद ऐन भरात होता त्याच देशात. १८७८ मध्ये देहरादूनला वनशिक्षणाची शाळा निघाली. तेव्हा आल्प्सचे ज्ञान येथे पोचण्यास वाट होती. शिवालिक टेकड्यांतून निघून होशियारपूरची शेते वाळूखाली गाडणाऱ्या 'चो' नावाच्या ओढ्यांसाठी पंजाबात १९०० साली कायदाही झाला. तरी वनखाते जंगल सांभाळी आणि बांधकाम खाते रस्ता सांभाळी. दोहोंच्या मधला उतार कोणाचा, हा प्रश्न निकालात निघाला नाही. आमच्या कचेरीचा अनुभव असा आहे की दोन खात्यांच्या मध्ये पडलेली जमीन ही जगातील सर्वांत निसरडी जमीन असते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेत मंदीच्या काळात कॅलिफोर्नियाच्या डोंगरी रस्त्यांवर चार्ल्स क्रेबेल यांनी काटक्यांच्या मोळ्या समतल रेषांत खुंट्यांनी बसवून उतार बांधले, आणि १९३६ मध्ये तेथील कृषिखात्याने त्यांची पुस्तिका छापली. १९५१ मध्ये आर्थर फॉन क्रूडनर या वनतज्ज्ञाने या साऱ्या विद्येला एक नाव दिले. मराठीत त्याला 'जैव-अभियांत्रिकी' म्हणता येईल. टिरोलमधील हुगो शिख्टल यांनी १९७३ मध्ये ती ग्रंथबद्ध केली. १९८० मध्ये त्यांचे लेखन इंग्रजीत आले आणि ही विद्या जगभर गेली. आजीची वई अशा रीतीने विद्यापीठात पोचली.

परंतु आम्हास खरा धक्का बसला तो निराळ्याच शोधाने. १९५४ मध्ये केंद्र सरकारनेच देहरादून येथे मृदासंधारणाच्या संशोधनाचे केंद्र उघडले होते. आज ती भारतीय मृदा व जल संरक्षण संस्था आहे. देहरादून-मसुरी रस्त्यावर नालोटा नाला म्हणून एक ओढा आहे. त्याचे सुमारे ६० हेक्टरांचे पाणलोट क्षेत्र दरडींनी फाटले होते आणि पावसाळ्यात दगडमातीचे लोंढे रस्त्यावर येत. १९६४ मध्ये या केंद्राने ते हाती घेतले. ओढ्यात जाळीच्या दगडी पेट्यांचे बांध घातले, उतारांवर काटक्यांच्या विणी बसवल्या, आणि ज्यांचा चढ फार उभा होता तिथे ओंडक्यांच्या जाळीदार चौकटी उभ्या केल्या. अशा चौकटींसाठी निलगिरीच्या दोन-तीन मीटर लांबीच्या बल्ल्या डांबर लावून वापरण्याची पद्धत या संस्थेने रूढ केली. आणि लावले काय? निर्गुडी, बेशरम, हत्तीगवत, देवनळ. वाचकहो, यांत परदेशी विद्येचा डामडौल कोठे आहे? निर्गुडी आपल्या बांधावर उगवते. बेशरमाचा दांडा कोठेही फेकला तरी रुजतो, म्हणून तर बिचाऱ्याचे नाव तसे पडले. देवनळ तर आमचा सोयरा. ज्या वेतानळाच्या जातकुळीतून पूर्वी लेखण्या निघत, त्या बोरूमुळेच आमच्यासारख्यांना लोक बोरूबहाद्दर म्हणत आले आहेत.

तीस वर्षांच्या नोंदींचा निष्कर्ष असा: सुरुवातीस त्या क्षेत्रातून दर हेक्टरी वर्षाला ३२० टन गाळ वाहून जाई, तो साडेपाच टनांवर आला. हिरवे आच्छादन शंभरात पाचांहूनही कमी होते. ते पंच्याण्णवांच्या वर गेले. ओढा पावसाळ्यानंतर १०० दिवस वाहून आटत असे. तो २५० दिवस वाहू लागला. हे आकडे आम्ही प्रथम वाचले तेव्हा आमच्या टिपणाला तीन वर्षे झाली होती. आमच्या कचेरीपासून तासाभराच्या वाटेवर, आमच्याच सरकारने, आमच्या जन्मापूर्वी हे 'कच्चे' काम करून ठेवले होते, आणि आम्ही त्याच सरकारच्या कागदावर ते विचारार्ह नाही असे लिहिले होते.

या विद्येचा गवगवा करणाऱ्यांत सामील होण्याची आमची इच्छा नाही. तिला मर्यादा आहेत. एकेरी जाळीची भिंत साधारण सहा-सात फुटांपेक्षा उंच करू नये असे जाणकार सांगतात. झुडपांची मुळे बहुधा मीटर-दीड मीटर खोल जातात. त्याहून खोलवर घसरणाऱ्या डोंगराला ती थोपवू शकत नाहीत. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव पहाटे दरडीखाली गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव जागेवर नाही हे प्रथम लक्षात आले ते एस.टी.च्या गाडीवाल्याच्या. त्यानंतर २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. अशा ठिकाणी डोंगराखालून माणसे हलवणे हाच उपाय होता. तेथे वाळुंजाच्या फांद्या लावा म्हणणे ही क्रूर थट्टा ठरेल. उलट ज्या लहान लहान उतारांनी रस्ते अडतात, परसे खचतात आणि पुढे मोठ्या घसरणीला वाट मिळते, ते उतार या विद्येच्या आवाक्यात आहेत. वसाहतीमागचा उतार तशांपैकीच होता. फरक ओळखणे हे अभियंत्याचे काम. त्याने तो ओळखला होता.

वसाहतीमागची काँक्रीटची भिंत बांधली गेली. दुसऱ्या पावसाळ्यात ती मधोमध फुगली, तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री तिचा बारा पावलांचा तुकडा आडवा झाला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. दोन स्कूटरी गाडल्या गेल्या आणि चार बिऱ्हाडे पंधरा दिवस कचेरीच्या दालनात राहिली. त्यांतील एक बिऱ्हाड आमच्या सहकाऱ्याचे होते. त्याची धाकटी मुलगी रात्री पाऊस वाजू लागला की उठून बसे. तिची आई आमच्या पत्नीला म्हणाली, "वहिनी, भिंत पक्की आहे म्हणून तर आम्ही मागच्या खोलीत मुलांना निजवत होतो." हे वाक्य आम्हास पत्नीने जेवताना सांगितले. टिपण आम्ही टंकलिखित केले होते हे तिला ठाऊक नव्हते. नंतर आम्ही ते सांगितले. पडलेल्या तुकड्यात पाण्याची भोके होती. त्यांच्यात मातीची घट्ट बुचे बसलेली होती. भिंतीमागे खडीचा थर नावालाच होता.

गेल्या पौषात एका रविवारी आम्ही नालोट्यावर गेलो. ओंडक्यांची चौकट कशी असते ते डोळ्यांनी पाहावे असा हेतू होता. दोन तास झुडपांतून फिरलो, कपडे फाटले, पण एकही बल्ली आम्हास दिसली नाही. एक म्हातारी गवत कापीत होती. तिला विचारले, "माताजी, यहाँ लकड़ी की दीवार थी न?" तिने विळा थांबवून आमच्याकडे नवलाने पाहिले. "दीवार?" ती म्हणाली, "यहाँ तो शुरू से जंगल है." आम्ही तिला ओझे डोक्यावर चढवण्यास हात दिला आणि खाली आलो.

वसाहतीच्या उतारासाठी आता पुन्हा प्रस्ताव मागवले आहेत. तो तरुण अभियंता केव्हाच दुसरीकडे बदलून गेला. परंतु त्याचा कागद दप्तरात होता. आम्ही तो शोधून काढला, नालोट्याचे आकडे त्यास जोडले, आणि आमच्या जुन्या टिपणाच्या शेजारी लावून फाइल वर पाठवली. 'सबब' या वेळी घातला नाही. फाइल अद्याप परत आलेली नाही. बैंसाच्या फांद्या झाड निजलेले असताना, म्हणजे माघ संपण्याच्या आत, तोडाव्या लागतात; त्यानंतर आदेश आला तर वर्षभर थांबावे लागेल.